गतिरोधकावर ठोका, घाटात शांतता : स्टॅबिलायझर बार आणि सायलेन्सर पाईप यांच्यातील अंतराचे एक प्रकरण

नऱ्हे-धायरी पट्ट्यातील आमच्या वर्कशॉपमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर कोथरूडचे एक गृहस्थ आपली २०१० सालची सेडान घेऊन आले. गाडी १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची होती. इंजिन आडवे, ओढ पुढच्या चाकांना आणि मागील दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. तक्रार एकच आणि नेमकी होती. गतिरोधक ओलांडताना मागून, किंचित डाव्या बाजूने, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा एक ठोका ऐकू येत असे. आवाज एकदाच येई, घरघर किंवा खडखड नसे, आणि गाडी सपाट रस्त्यावर आली की सारे शांत होई.

या गाडीत दीड वर्षाच्या काळात तीन बदल झाले होते आणि ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी झाले होते. आधी गाडी ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आल्या. त्यानंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) मागचा संपूर्ण सायलेन्सर बदलला गेला आणि मूळच्या ५१ मिमी बाह्य व्यासाच्या पाईपच्या जागी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा ६३.५ मिमीचा पाईप आला. शेवटी मागचा १८ मिमी जाडीचा स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) काढून बाहेरच्या बाजारातला २२ मिमीचा बार बसवला गेला. आवाज हा बार बसवल्यानंतर सुरू झाला. त्यामुळे सगळा संशय बारवर आणि त्याच्या जोडण्यांवर गेला, आणि ज्या दुकानात बार बसवला तेथे दोनदा लिंक रॉड व एकदा शॉकॲब्झॉर्बरचे वरचे माउंट बदलण्यात आले. ठोका गेला नाही. सायलेन्सर लागत असेल का, असे मालकांनी विचारले तेव्हा त्यांना गाडी रॅम्पवर चढवून दाखवण्यात आले की बार आणि पाईप यांच्यामध्ये दोन बोटे आरामात जातात. जे दाखवले ते खरेच होते, पण त्या दोन बोटांमुळेच पुढचे तीन महिने वाया गेले.

आमच्या दृष्टीने मालकांनी आणलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्यांची वही. त्यांनी प्रत्येक ठोक्याची नोंद ठेवली होती : वेळ, ठिकाण, गाडीत किती माणसे, किती किलोमीटर झाल्यावर. त्या नोंदींतून तीन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्या पाच-सहा गतिरोधकांवर आवाज येत नसे, तेच गतिरोधक संध्याकाळी परतताना आवाज देत. मालक एकटे असताना आवाज कधीमधी आणि हलका येई, मात्र आई-वडील आणि बहीण मागे बसले असताना हमखास आणि जोरात येई. आणि तिसरी गोष्ट, जी त्यांना स्वतःलाच सर्वांत अनाकलनीय वाटत होती, ती म्हणजे जुन्या कात्रज घाटाच्या वळणांवर, गाडी एका अंगावर चांगली कलत असतानाही, एकदासुद्धा आवाज आला नव्हता. बार तर वळणासाठीच असतो, मग वळणावर तो गप्प कसा, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न अगदी योग्य होता आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच होती.

बार नेमका केव्हा फिरतो

स्टॅबिलायझर बार इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला असतो. त्याचा मधला लांब भाग सबफ्रेमवर, म्हणजे सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीवर, दोन रबरी बुशांमध्ये धरलेला असतो आणि दोन्ही टोकांचे हात लिंक रॉडने चाके धरणाऱ्या खालच्या आर्मना जोडलेले असतात. गाडी वळणावर कलते तेव्हा एक चाक गाडीच्या मानाने वर जाते आणि दुसरे खाली, म्हणजे बारचा एक हात वर आणि एक खाली जातो. मधला भाग पिळला जातो, आणि या पिळाला होणारा विरोध म्हणजेच बारचे काम. मात्र पिळ पडताना बारच्या ऐन मध्याशी होणारी फिरत जवळपास शून्य असते, कारण डावीकडून येणारी फिरत आणि उजवीकडून येणारी उलटी फिरत तेथे एकमेकींना छेद देतात.

गतिरोधकावर याच्या उलट घडते. मागची दोन्ही चाके एकदम वर उचलली जातात, दोन्ही हात एकाच दिशेने वर जातात आणि बार न पिळता बुशांमध्ये संपूर्ण फिरतो. अशा वेळी त्याचा विरोध नसल्यातच जमा असतो. फिरत मात्र सर्वांत जास्त असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंमी उंच असतो, तर गल्लोगल्ली आढळणारे गतिरोधक त्याहून बरेच आखूड आणि उभे असतात. दोन्हींवर मागची चाके जोडीनेच चढतात, फक्त आखूड गतिरोधकावर ती झटक्याने चढतात.

एवढ्याने अजून काही बिघडत नाही. मूळ बारचा मधला भाग सरळ होता आणि सरळ दांडा आपल्या अक्षाभोवती कितीही फिरला तरी जागा सोडत नाही, लाटणे पोळपाटाच्या वर हातात धरून गोल फिरवावे तसा तो जागच्या जागी फिरतो. नवा बार मात्र सरळ नव्हता. सबफ्रेमची एक पट्टी चुकवण्यासाठी त्याच्या मध्याला, किंचित डावीकडे, मागच्या दिशेने एक बाक दिलेला होता. आम्ही मोजले तेव्हा हा बाक बुशांच्या अक्षापासून ६० मिमी मागे निघाला, आणि अक्षापासून लिंक रॉडच्या जोडापर्यंतचा हात २४० मिमी भरला. हातही मागेच जाणारा असल्यामुळे हात वर गेला की बाकही वर जातो, आणि त्याच्या वर सायलेन्सरचा पाईप असतो. ६० भागिले २४०, म्हणजे हाताचे टोक जितके वर जाईल त्याच्या पाव हिस्सा बाक वर जातो. लिंक खालच्या आर्मवर ज्या जागी जोडलेली आहे तेथे चाकाच्या चालीचा, म्हणजे वर-खाली हलण्याचा, सुमारे ०.७ हिस्सा पोहोचतो. दोन्ही गुणून असे निघते की चाकाच्या दर १० मिमी वरच्या चालीमागे बाक पावणेदोन मिमी वर चढतो.

ही आकडेमोड साधी आहे, पण ती केल्याशिवाय गाडीखाली बघून काही उमगत नाही. आमच्याकडचे जुने मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, गाडी रॅम्पवर चढली तेव्हाच म्हणाले, “साहेब, चाकं लोंबकळलेली आहेत, आत्ता दिसतंय ते अंतर गाडीचं नव्हे, रॅम्पचं आहे.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

रॅम्पवरचे २७ मिमी आणि जमिनीवरचे १३

दोन खांबी रॅम्प गाडीला पोटाखालून उचलतो, त्यामुळे चाके आपल्या वजनाने जितकी खाली जाऊ शकतील तितकी लोंबतात. या गाडीत उभ्या स्थितीपासून ही खालची चाल ८० मिमी होती. वरच्या हिशेबाने बाक १४ मिमी खाली उतरलेला असणार. रॅम्पवर आम्ही बाक आणि पाईप यांच्यातले अंतर मोजले, ते २७ मिमी भरले. गाडी चाकांवर उभी करून, वर्कशॉपच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरून पुन्हा मोजले, तेव्हा ते १३ मिमी होते. दोन बोटांच्या जागी आता जेमतेम एक बोट जात होते.

आता १३ मिमीमधून काय काय खर्च होते ते पाहू. मालक एकटे असताना साध्या गतिरोधकावर मागची चाके ४५ मिमीपर्यंत वर जात होती. हे आम्ही शॉकॲब्झॉर्बरच्या दांड्यावर प्लॅस्टिकची पट्टी बांधून, ती किती सरकते ते पाहून आणि चाकाच्या चालीत रूपांतर करून मोजले. त्यात बाक आठ मिमी वर येतो, पाच उरतात. गाडी थंड असेल तर ठोका नाही. मागे तीन माणसे बसली की गाडी आधीच २५ मिमी दबते आणि वर गतिरोधकाचे ४० येतात. एकूण ६५ मिमी चालीमागे बाक ११ मिमीहून थोडा जास्त चढतो आणि दीड मिमी उरतो. पाईप स्वतः रबरांवर टांगलेला असतो. गाडीचे अंग उसळते तेव्हा तो मागे राहून दोन-तीन मिमी खाली झुलतो, त्यामुळे हा दीड मिमी भरवशाचा नाही.

येथे एक गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. गाडी खाली बसवल्याने उभ्या स्थितीतले अंतर कमी होते हे खरे, पण चाक जास्तीत जास्त किती वर जाईल हे स्प्रिंग ठरवत नाही, बंप स्टॉपर, म्हणजे चाकाची वरची चाल अडवणारा ठोकळा, ठरवतो. स्टॉपर मूळचाच असेल तर नुसती स्प्रिंग बदलून सर्वांत वरची जागा बदलत नाही, फक्त चाक त्या जागेपर्यंत वारंवार पोहोचू लागते. आम्ही शॉकॲब्झॉर्बर उघडला तेव्हा दिसले की स्प्रिंगा बसवणाऱ्याने दोन्ही स्टॉपर १५ मिमीने कापले होते, चाल उरावी म्हणून. स्टॉपर कापल्यामुळे चाकाला वर ५५ ऐवजी ७० मिमी मोकळीक मिळाली आणि बाकाला अडीच मिमीहून थोडी अधिक. या कापाकापीची कोणतीही नोंद मालकांना दिलेली नव्हती. स्प्रिंगा बसवणाऱ्याला पुढे बार येणार आहे हे ठाऊक नव्हते, आणि बार बसवणाऱ्याला स्टॉपर कापले आहेत हे ठाऊक नव्हते. सायलेन्सरवाल्याने जाड पाईप बसवताना पाईपचा मध्य मूळच्याच जागी ठेवला, त्यामुळे त्याचा तळ सव्वासहा मिमीने खाली आला. तिघांपैकी कोणाचेही काम एकेकटे पाहिले तर ठोका देणारे नव्हते.

उष्णतेचा पुरावा

सकाळी शांत आणि संध्याकाळी आवाज, याचे कारण उष्णतेत असणार हे उघड होते, पण किती आणि कोणत्या दिशेने हे पाहायला हवे होते. ३०४ स्टेनलेस स्टील दर मीटरमागे, दर अंश सेल्सिअसला, सुमारे ०.०१७ मिमी वाढते. पुढच्या फ्लेक्स पाईपपासून (लवचिक जोडापासून) बारपर्यंतची लांबी १.९ मीटर होती. शहरात अर्धा-पाऊण तास गाडी चालल्यावर या लांबीतल्या पाईपचे तापमान सरासरी २५० अंशांनी चढले असे धरले, तर तो आठ मिमी लांबतो. मूळ पाईपसारख्या फेरिटिक स्टीलचा प्रसरण गुणांक ०.०११ च्या आसपास असतो. तो पाईप तितक्याच तापमानाला पाच-साडेपाच मिमीच लांबला असता. चांगल्या प्रतीचा आणि न गंजणारा म्हणून निवडलेला धातू येथे वाढीव तीन मिमी घेऊन आला, हे निवड करताना कोणी लक्षात घेत नाही.

पाईप लांबून मागे जातो, खाली नाही. मग अंतर का कमी व्हावे? कारण बारच्या वर पाईप आडवा नाही. मागील सबफ्रेम ओलांडण्यासाठी तो तेथे साधारण २५ अंशांच्या चढाने वर जातो. असा चढता पाईप आठ मिमी मागे सरकला की बारच्या ऐन वर आता त्याचा आधीपेक्षा खालचा भाग येतो. हिशेबाने हा फरक पावणेचार मिमी होतो. एकट्या चालकासह थंड गाडीत उरलेले पाच मिमी गरम गाडीत सव्वावर येतात, आणि तीन माणसांसह उरलेला दीड मिमी संपून उलट दोन मिमीची अडचण तयार होते. वहीतल्या नोंदींशी हे तंतोतंत जुळत होते.

तरीही हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. पाईपच्या तळाशी एक चकचकीत घासलेली खूण होती आणि बारच्या बाकावर रंग उडाल्याची तशीच खूण होती. गाडी थंड आणि उभी असताना या दोन खुणा एकमेकींच्या समोर येत नव्हत्या. पाईपवरची खूण बाकावरच्या खुणेपेक्षा १० मिमी पुढे होती. म्हणजे ज्या क्षणी दोन्ही भिडले त्या क्षणी पाईप मागे सरकलेला होता, आणि किती, तर गरम पाईपच्या वाढीइतका, आठ मिमी. उरलेले दोन मिमी बाकाच्या बाजूचे, कारण वर चढताना बाक वर्तुळात फिरतो आणि थोडा पुढेही येतो. मला स्वतःला या कामात याहून समाधान देणारा क्षण आठवत नाही. थंड गाडीवरच्या दोन निर्जीव खुणा सांगत होत्या की टक्कर गरम असताना झाली आणि दोन्ही चाके वर असताना झाली.

शेवटची खात्री म्हणून मुलांच्या खेळायच्या मातीचा गोळा स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बाकावर चिकटवला आणि मागे तीन माणसे बसवून गाडी नऱ्ह्याहून जुन्या कात्रज घाटाने खेड शिवापूरपर्यंत नेऊन आणली. घाटात ठोका नाही, शिंदेवाडीच्या पुढच्या पहिल्या गतिरोधकावर ठोका. परत आल्यावर गोळ्यात पाईपचा अर्धगोल आरपार उमटलेला होता आणि मध्यभागी फॉइल फाटून बारचा रंग दिसत होता.

आधीच्या दुकानाने एक चाचणी केली होती, तीही का फसली ते येथे सांगतो. त्यांनी मागचे एकच चाक जॅकने वर उचलून पाहिले होते. एक चाक वर आणि दुसरे लोंबते ठेवले की बार पिळला जातो आणि मध्याची फिरत दोन्हींच्या सरासरीइतकी राहते, म्हणजे बाक जवळजवळ हलतच नाही. दोन्ही चाके एकदम उचलल्याशिवाय हा दोष दिसणे शक्य नव्हते.

काय केले नाही आणि का

अशा वेळी पुण्यात काय किंवा अन्यत्र काय, पहिला सल्ला हातोड्याचा मिळतो : पाईपला लागतो तेथे एक खळगा पाडून द्या. पाईप चपटा करणे ही कल्पना मुळात वाईट नाही. ६०.५ मिमी आतील व्यासाचा पाईप व्यवस्थित दाबून त्याची आतील उंची १० मिमीने कमी केली, तर परिघ तोच राहून तो लंबगोल होतो आणि आतील क्षेत्रफळ केवळ चार टक्क्यांच्या आसपास घटते. वाहन कंपन्याही अडचणीच्या जागी लंबगोल पाईप वापरतात. पण हातोड्याचा खळगा म्हणजे लंबगोल नव्हे. तो एका बाजूने आत घुसतो, धातूला तीव्र वळी पाडतो, आणि आमच्या बाबतीत ती जागा वेल्डपासून जेमतेम ३० मिमीवर होती. तापण्या-थंडावण्याच्या फेऱ्यांत तेथे तडा गेला असता.

दुसरा सल्ला बार गॅसने तापवून बाक थोडा खाली वाकवण्याचा होता, आणि तो आम्ही ऐकूनही घेतला नाही. स्टॅबिलायझर बार स्प्रिंगच्या पोलादाचा असतो. त्याची ताकद उष्मोपचारातून आलेली असते. तो लाल होईपर्यंत तापवला की तेवढ्या भागातला पाणी दिलेला गुण निघून जातो आणि बार पुढे तेथेच वाकतो किंवा तुटतो. याच कारणाने बाकावरच्या घासलेल्या खुणेकडेही आम्ही बारकाईने पाहिले. पिळाचा ताण दांड्याच्या पृष्ठभागावर सर्वाधिक असतो, तेथील ओरखडा हा थकव्याच्या तड्याचा आरंभ ठरू शकतो, आणि पावसाळ्यात त्यात गंज शिरतो. येथे धातू कापला गेला नव्हता, फक्त रंग उडाला होता. बारीक पॉलिश पेपरने जागा गुळगुळीत करून, भिंगाखाली तपासून, पुन्हा रंग दिला. खोल चर असता तर बार बदलायला सांगितले असते.

बुशांच्या ब्रॅकेटखाली जाड वॉशर घालून अख्खा बार खाली घेण्याचाही पर्याय होता. त्याने बाक खाली जातो, पण बार रस्त्याच्या तितकाच जवळ येतो. आधीच ३० मिमी खाली बसलेल्या गाडीसाठी ते योग्य वाटले नाही.

काय केले

आम्ही लागणाऱ्या अंतराचा हिशेब मांडला. चाक पूर्ण वर जाण्यासाठी १२ मिमी, उष्णतेसाठी चार, पाईपच्या झोक्यासाठी तीन आणि रबरे पुढे सैल होऊन पाईप लोंबेल त्यासाठी तीन, असे २२ मिमी. त्यावर पाच मिमी राखीव धरले तर उभ्या, थंड गाडीत २७ मिमी हवेत. हातात १३ होते. उरलेले १४ मिमी एकाच ठिकाणाहून ओढून काढण्याचा मोह टाळला, कारण एकाच भागाला एवढे हलवले की तो दुसऱ्या कशाला तरी लागतो.

सुरुवात स्टॉपरपासून केली. मूळ लांबीचे नवे स्टॉपर बसवल्यावर बाकाची पूर्ण चढाई १२ वरून साडेनऊ मिमीवर आली, म्हणजे अडीच मिमी मागणीच कमी झाली. त्यानंतर मूळ लिंक रॉडच्या जागी लांबी बदलता येणारे लिंक आणले. गाडी ३० मिमी खाली बसल्यामुळे बारचे हात उभ्या स्थितीतच २१ मिमी वर चढलेले होते. लिंक २० मिमीने आखूड केल्यावर हात जवळजवळ आडवे झाले आणि बाक पाच मिमी खाली गेला. गाडी खाली बसवणारा प्रत्येक जण स्प्रिंगा आणतो, पण बारचा कोन परत मूळ जागी आणणारे हे लिंक फार थोडे जण आणतात, आणि माझ्या मते ही या क्षेत्रातली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. लिंकची लांबी गाडी चाकांवर, समतल जागी, चालकाच्या जागेवर वजन ठेवून दोन्ही बाजूंना जुळवली. एका बाजूची लिंक थोडी जरी लांब राहिली तर बार उभ्या गाडीतच पिळलेला राहतो आणि डावे-उजवे वळण वेगळे लागते. चाके पूर्ण लोंबल्यावर हाताचे टोक आता अधिक खाली जाते, म्हणून ब्रेकचा होस आणि हँडब्रेकची केबल त्या स्थितीत मोकळी आहे हेही पाहिले.

त्यानंतर पाईप. सबफ्रेमवरून जाणारा साधारण ६०० मिमीचा तुकडा कापून तेथे ५०.८ मिमीचा, तोंडाशी हळूहळू निमुळता होणारा तुकडा घातला. टर्बो नसलेल्या १.८ लिटर इंजिनाला ६३.५ मिमीच्या पाईपची गरज मुळात नव्हती असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी मालकांना सांगितले. नवा तुकडा प्रेसवर नव्हे तर आत आधाराचा गोळा घालून वाकवणाऱ्या भोसरीच्या एका कारखान्यातून करून घेतला, कारण प्रेसवर वाकवलेला पाईप वळणावर चेपतो. जोड आर्गन वेल्डिंगने केले आणि वेल्ड करताना पाईपच्या आतूनही आर्गन सोडला, जेणेकरून आतील बाजू जळून खरबरीत होऊ नये. तळाशी सहा मिमीहून थोडे अधिक मिळाले. वर हीट शील्डपाशीही (उष्णता अडवणाऱ्या पत्र्यापाशीही) तितकीच जागा सुटली होती, त्यातील पाच मिमी वापरून पाईप वर उचलला. नाना पेठेतून आणलेले नवे ईपीडीएम हँगर रबर लावले आणि बारपासून १२० मिमी मागे एक जादा हँगर दिला, म्हणजे झोका तेथेच कमी व्हावा. पॉलियुरेथेनचे कडक हँगर मालकांच्या मनात होते. ते पाईप घट्ट धरतात, पण उष्णतेने मऊ पडतात आणि तोवर इंजिनाचे कंप थेट गाडीत पाठवतात, म्हणून ते टाळले.

काम सुरू करण्यापूर्वी एक बाब मालकांसमोर मांडली होती. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांपासून वेगळी होईल अशी फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात याच तरतुदीचा कठोर अर्थ लावला आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला आम्ही हात लावणार नाही, आवाज वाढेल असे काही करणार नाही आणि विमा कंपनीला बदल कळवणे ही त्यांची जबाबदारी राहील, या अटींवर काम घेतले. मूळ मफलर त्यांनी जपून ठेवला होता, तोच आम्ही परत लावला.

तपासणी

मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून, शॉकॲब्झॉर्बर आणि स्टॉपर जागेवर ठेवून, दोन्ही चाके दोन जॅकवर एकदम वर नेली आणि स्टॉपर दबेपर्यंत दर १० मिमीला अंतर मोजले. स्प्रिंग असताना जॅकने चाक वर नेऊ गेल्यास गाडीच उचलली जाते, म्हणून हा खटाटोप आवश्यक असतो. सर्वांत वरच्या स्थितीत थंड पाईपखाली १९ मिमी उरले. स्प्रिंगा परत बसवल्या, गाडी चाकांवर उभी केली आणि आर्मचे बुश-बोल्ट त्या स्थितीतच घट्ट केले, कारण लोंबत्या स्थितीत आवळलेले रबरी बुश उभ्या गाडीत कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. उभ्या स्थितीत अंतर २९ मिमी होते.

मग तोच मार्ग, मागे तीन माणसे आणि बाकावर फॉइलमधला २५ मिमी उंचीचा नवा गोळा. परतल्यावर लगेच, पाईप गरम असताना, उभ्या गाडीत अंतर २५ मिमी भरले, म्हणजे उष्णतेचे चार मिमी हिशेबाप्रमाणेच गेले. गोळा दबून १४ मिमी जाडीचा झाला होता. सगळे प्रतिकूल घटक एकत्र आले असता एवढी जागा उरते.

बार स्वतः १८ वरून २२ मिमी झाल्याने त्याची पिळाला विरोध करण्याची ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने, म्हणजे सव्वादोन पटींच्या जवळ वाढली होती. ठोक्याशी याचा संबंध नव्हता, पण पावसात घाटाच्या वळणावर मागची पकड आधी सुटण्याचा धोका त्याने वाढतो. बारच्या टोकाला दोन छिद्रे होती. लिंक आम्ही बाहेरच्या, मवाळ छिद्रात लावली आणि वरचा सगळा हिशेब त्याच छिद्राच्या २४० मिमीवर केला आहे. आतल्या छिद्रात लिंक गेली तर हात आखूड होतो, त्याच चाकाच्या चालीला बार जास्त फिरतो आणि बाक अधिक वर येतो. ही गोष्ट गाडीच्या नोंदवहीत लाल शाईने लिहून दिली, कारण पुढच्या कोणत्याही दुकानात कोणी चांगल्या हेतूने ते छिद्र बदलू शकतो.

पावसाळा संपल्यावर गाडी पुन्हा आली. उभ्या, थंड गाडीत अंतर २७ मिमी होते, रबरे दोन मिमी बसली होती. बाकावरचा रंग शाबूत होता, बुशांना सिलिकॉन ग्रीस दिले, जादा हँगरचा एक वेल्ड तपासून घेतला. मालकांनी वहीचे शेवटचे पान दाखवले. त्यावर चार महिन्यांत एकच नोंद होती, एका मोठ्या खड्ड्याची, आणि तिच्यापुढे त्यांनी लिहिले होते : फक्त स्टॉपर, लोखंड नाही.